टूलचं वर्णन: भाषा सुधारली, पण माहिती कुठून आणणार?

एआय एजंटांवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की ‘टूल डिस्क्रिप्शन’ हा शब्द पहिल्या दोन-तीन पानांतच भेटतो. बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यात उरकलेला असतो: मॉडेलला टूलचं नाव आणि वर्णन दिलं, मग मॉडेलने टूल निवडलं. नवख्या वाचकाला वाटतं, वर्णन लिहिणं म्हणजे कारकुनी काम असणार, संशोधन पुढे कुठेतरी असेल. माझं मत उलटं आहे. या लेखात २०२३ पासूनच्या काही कामांकडे टीकेच्या नजरेने बघायचं आहे. मुद्दा एकच: या कामांनी वर्णनाची भाषा सुधारली, लांबी कमी केली, साचा ठरवला, पण वर्णनात जे मुळात लिहिलेलंच नाही ते कुठून आणायचं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. आणि सगळ्यात महागाच्या चुका तिथेच होतात.

हे नुसतं म्हणून पटणार नाही. म्हणून एक साधं टूल घेऊन ते भोर तालुक्यातल्या आंबवड्याच्या सातबाऱ्यावर लावून बघू.

आधी मूलभूत गोष्ट

ज्यांनी हा विषय अजून वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाषेचं मॉडेल स्वतःहून फक्त मजकूर तयार करतं. त्याला हवामान बघायचं असेल, डेटाबेसमधून नोंद काढायची असेल, तर आपण त्याला ‘टूल’ देतो. टूल म्हणजे एखादं फंक्शन किंवा सेवा. मॉडेलला त्या फंक्शनचा कोड दिसत नाही. त्याला दिसतात तीन गोष्टी: नाव, वर्णन, आणि कोणते इनपुट कोणत्या प्रकारचे द्यायचे त्याची यादी. एवढ्यावरून त्याने ठरवायचं की हे टूल आत्ता वापरायचं का, काय देऊन वापरायचं, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं तेव्हापासून हा साचा रुळला. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची मांडणी अशीच आहे. गंमत म्हणजे त्या प्रोटोकॉलमध्ये टूलचं नाव आणि इनपुटचा साचा सक्तीचा आहे, वर्णन मात्र ऐच्छिक. म्हणजे जो मजकूर वाचून मॉडेल सगळे निर्णय घेणार, तो कोरा ठेवला तरी तांत्रिकदृष्ट्या चालतं!

तुम्ही संशोधन पद्धतीचा पेपर दिला असेल तर ‘कार्यात्मक व्याख्या’ हा शब्द तुम्हाला माहीत आहे. ‘आर्थिक स्थिती’ हा चल घेतला, तर ती तुम्ही कशावरून मोजणार हे लिहावं लागतं. नाहीतर दोन सर्वेक्षक दोन वेगळ्या गोष्टी मोजून आणतात. टूलचं वर्णन हे नेमकं हेच काम करतं. फरक एवढाच की सर्वेक्षक अडला तर फोन करून विचारतो. मॉडेल बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाज बांधतं आणि पुढे जातं.

एका ओळीचं वर्णन, पाच शब्द

आता उदाहरण. हे वर्णन मी या लेखासाठी तयार केलं आहे, कुठल्याही प्रत्यक्ष सेवेतलं नाही. पण असल्या ढंगाची वर्णनं तुम्हाला जागोजागी दिसतील:

‘जमिनीची माहिती देते. इनपुट: गाव, गट. आउटपुट: मालक, क्षेत्र, पीक.’

वाचायला स्वच्छ आहे. लहान आहे, व्याकरण ठीक आहे, फापटपसारा नाही. कुठल्याही लेखन-कार्यशाळेत याला चांगले गुण मिळतील. आता एकेक शब्द घेऊ.

*गाव.* समजा पुण्यात नोकरी करणारा कुणी एजंटला विचारतो, ‘आंबवड्याच्या आमच्या गटाचं क्षेत्र किती?’ भोरमधल्या माणसाला प्रश्न पडणार नाही: नागेश्वराचं देऊळ आणि कान्होजी जेधे, जिवा महाला यांच्या समाध्या असलेलं आंबवडे. पण सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात आंबवडे संमत वाघोली आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव कुणी आंबडवे लिहितं, कुणी आंबवडे. रोमन लिपीत लिहायचं झालं तर आणखी पाच-सहा स्पेलिंगं तयार होतात. टूलने आतल्या आत पहिलं जुळणारं गाव उचललं, तर उत्तर येईल, व्यवस्थित येईल, आणि दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्याच माणसाचं येईल.

नवल हे की महसुली व्यवस्थेला हा प्रश्न शेकडो वर्षं माहीत आहे. बुद्रुक आणि खुर्द, संमत, तर्फ ही शेपटं कशाला लागली? एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखता यावीत म्हणून. पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, आणि आंबेगाव नावाचा अख्खा तालुका जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीमधला कोड छापायचं ठरलं. म्हणजे कागदाने जे शिकून घेतलं ते आपलं टूल विसरलं. त्यात नावंही बदलतात. भोरला लागून असलेल्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. जुन्या नावाने विचारलं तर टूल काय करतं? वर्णन गप्प आहे.

*गट.* हा आकडा आहे असं वाटतं, म्हणून टूल लिहिणारा तिथे ‘नंबर’ असा प्रकार टाकून मोकळा होतो. पण १२/३ हा अपूर्णांक नाही, बाराव्या गटाचा तिसरा हिस्सा आहे. एक्सेलमध्ये तेच टाइप केलं तर तारीख होऊन बसते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शिवाय ‘गट नंबर’ आणि ‘सर्व्हे नंबर’ या दोन वेगळ्या गोष्टी. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा; त्याखाली जिथे एकत्रीकरण योजना झाली तिथे जमिनींना नवे गट नंबर पडले, जिथे झाली नाही तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सेच चालू राहिले. घरातल्या जुन्या कागदावरून आजोबांच्या काळचा सर्व्हे नंबर काढून कुणी विचारला, आणि त्याच आकड्याचा गट गावात असला, तर टूल तो बिनदिक्कत काढून देणार.

*मालक.* हा शब्द सरळ चुकीचा आहे. गाव नमुना सातमध्ये ‘भोगवटादार’ असतात. बहुतेक वर्णनं इंग्रजीत लिहिली जातात आणि तिथे भोगवटादाराचं ‘ओनर’ होतं. मग मॉडेल मराठीत उत्तर देताना त्याचं ‘मालक’ करतं. दोन भाषांतरांत अर्थ घसरला. महसुली नोंद ही खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंत; मालकी हक्काचा तो अखेरचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. त्यातही भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल तर परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित करता येत नाही. आता एजंटने ‘तुम्ही मालक आहात’ एवढंच सांगितलं आणि वर्ग गाळला, तर समोरचा माणूस त्यावर विसार घेऊन बसू शकतो.

*क्षेत्र.* कशात? हल्ली शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं दिलं जातं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे १.०५ हे ‘एक हेक्टर पाच आर’ म्हणूनही बरोबर आणि दशांश म्हणूनही बरोबर. पण कुठे तरी मधलं शून्य गळून १.५ झालं, तर ते एक हेक्टर पाच आर की एक हेक्टर पन्नास आर? जुन्या कागदांत आणखी मजा आहे. एक एकर वीस गुंठे हे १.२० असं लिहिलेलं सापडतं. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे ते झालं दीड एकर, साठ गुंठे. मॉडेलने ते १.२ एकर असं वाचलं तर अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठ्यांचा फरक, म्हणजे तेरा हजार चौरस फुटांहून जास्त. गावाकडे बांधाच्या एका हातासाठी भावकी कोर्टात जाते, हे लक्षात घ्या.

आणि हे क्षेत्र पोटखराब धरून की सोडून? डोंगर-उताराच्या मावळी मुलखात हा प्रश्न किरकोळ नाही. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब वेगवेगळं दाखवलेलं असतं. टूल एकच आकडा देतं. कुठला?

*पीक.* गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची पद्धत आली. आता टूलने पिकाच्या जागी रिकामं उत्तर दिलं तर त्याचा अर्थ काय? जमीन पड होती? नोंद मुदतीत झाली नाही? की आपण खरीप विचारलं आणि टूल रब्बी बघून आलं? तिन्ही वेळा मॉडेलला दिसतो तो एकच रिकामा कंस. त्यावरून ते सहज लिहील, ‘या गटात कोणतंही पीक नव्हतं.’ आणि पुढे विमा किंवा नुकसानभरपाईचा प्रश्न असेल, तर ‘पीक नव्हतं’ आणि ‘पिकाची नोंद नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भात उभा आहे, नोंद राहिली आहे, असं असू शकतं.

पाच शब्द, आणि प्रत्येकात निदान एक खड्डा. या वर्णनात एकही वाक्य अस्पष्ट नव्हतं, हे विसरू नका. भाषा स्पष्ट होती. सांगितलेलं कमी होतं.

संशोधन कुठपर्यंत आलं आहे

आता कामांकडे वळू. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या संशोधकांनी ‘टूलफॉर्मर’ मांडलं. त्यात टूल मोजकी होती: कॅल्क्युलेटर, प्रश्नोत्तर प्रणाली, शोध, भाषांतर, कॅलेंडर. मॉडेलने टूल कधी वापरायचं हे काही उदाहरणांवरून स्वतःच शिकायचं, अशी कल्पना. कामाचं महत्त्व मोठं आहे, पण टूल बघा: कॅल्क्युलेटर म्हणजे काय, हे जगात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्णनाचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलच्या संशोधकांचा एक निबंध आला. त्यांचा दावा असा की उदाहरणं न देता फक्त टूलचे दस्तऐवज दिले तरी मॉडेल टूल चांगलं वापरतं. या क्षेत्रात वर्णनाला प्रतिष्ठा देणारं हे महत्त्वाचं काम. पण त्यातून एक जबाबदारी वाढली, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. उदाहरण दिलं की काही न सांगितलेल्या गोष्टीही त्यातून कळतात: क्षेत्र कसं लिहितात, रिकामं उत्तर आलं तर काय म्हणतात. उदाहरणं काढून टाकली की तो सगळा भार वर्णनावर येतो.

मग ‘टूलएलएलएम’. रॅपिडएपीआय या बाजारपेठेतून १६,४६४ एपीआय गोळा केले, त्यांच्यासाठी प्रश्न चॅटजीपीटीकडून तयार करून घेतले, आणि उत्तरं चांगली की वाईट हेही चॅटजीपीटीनेच तपासलं. आकारमान बघून थक्क व्हायला होतं. पण पद्धत नीट बघा. प्रश्न कशावरून तयार झाले? एपीआयच्या दस्तऐवजांवरून. म्हणजे वर्णनात जे लिहिलेलं आहे तेवढंच प्रश्नात येणार. ‘आंबवडे कुठलं?’ असा प्रश्न त्या परीक्षेत कधी पडणारच नाही, कारण वर्णनाला तो प्रश्न माहीत नाही. अभ्यासक्रमाबाहेरचं काही विचारायचं नाही अशी हमी देऊन घेतलेली ती परीक्षा आहे.

पुढे अडचण अशी आली की इंटरनेटवरचे हे एपीआय बंद पडायचे, बदलायचे. निकाल पुन्हा तसेच येईनात. म्हणून २०२४ मध्ये ‘स्टेबलटूलबेंच’ आलं. त्यात एक आभासी सर्व्हर आहे: आधीची उत्तरं साठवून ठेवतो, आणि नसतील तिथे मॉडेलच एपीआय असल्याचं सोंग घेऊन उत्तर देतं, दस्तऐवज आणि आधीच्या कॉलचे नमुने बघून. निकाल स्थिर यावेत यासाठी हा उपाय समजण्यासारखा आहे, आणि पुनरावृत्ती होऊ शकणं ही संशोधनाची पहिली अट आहे हेही मान्य. पण आपल्या प्रश्नासाठी इथे एक दार बंद होतं. टूलचं सोंग घेणारा दस्तऐवज वाचून उत्तर देतो आहे. दस्तऐवज चुकीचा असेल, तर टूलही त्याच चुकीने वागेल. वर्णन आणि वास्तव यांतलं अंतर मोजायचं होतं, आणि वास्तवाच्या जागी बऱ्याच अंशी वर्णनच बसवलं गेलं.

जानेवारी २०२४ चं ‘ईझीटूल’ हे थेट वर्णनांवरचं काम. टूलचे दस्तऐवज एकसारखे नसतात, त्यांत पुनरुक्ती असते आणि कधी कधी ते अपुरे असतात, हे निदान त्यांनी नेमकं केलं आहे. उपाय म्हणून मॉडेलकडून ते दस्तऐवज आटवून एका साच्यात बसवले आणि वापराची उदाहरणं जोडली. पुनरुक्ती आणि विसंगती यांवर हा उपाय चांगला आहे. पण अपुरेपणावर? आटवल्याने दुधाचा खवा होतो. भांड्यात जे नव्हतंच ते काही त्यातून निघत नाही. मॉडेल फार तर सर्वसाधारण ज्ञानातून जोड देईल. क्षेत्रात पोटखराब धरलेलं आहे की नाही, हे सर्वसाधारण ज्ञान नाही. ते त्या टूलचा डेटा ज्याने भरला त्यालाच माहीत.

आवाज न करणारी चूक

इथे एक सशक्त आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ‘मॉडेललाच टूल वापरून बघू द्या, चुकेल, शिकेल, वर्णन सुधारेल.’ ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ड्राफ्ट’ नावाच्या कामाने हेच केलं: मॉडेल टूलशी प्रयोग करतं, अनुभव गोळा करतं, त्यावरून दस्तऐवज पुन्हा लिहितं, आणि हे चक्र चालू राहतं. वर उल्लेख केलेल्या सगळ्या कामांत मला हे सगळ्यात पटणारं वाटतं, कारण ते कागदावरून उठून टूलपर्यंत जातं.

त्याची मर्यादा समजण्यासाठी चुकांचे दोन प्रकार करू. काही चुका आवाज करतात. इनपुट राहिलं, प्रकार चुकला, तारीख उलटी लिहिली की टूल एरर देतं. अशा चुका प्रयोगाने सापडतात, आणि ‘ड्राफ्ट’सारखी पद्धत त्या दुरुस्त करू शकते. दुसऱ्या चुका आवाज करत नाहीत. चुकीच्या आंबवड्याचा सातबारा व्यवस्थित येतो. १.२० हा आकडा निमूटपणे येतो. रिकामं पीक रिकामंच येतं. मॉडेलने हजार वेळा प्रयोग केला तरी टूल त्याला कधी म्हणणार नाही की बाबा, तू माझा अर्थ चुकीचा लावलास. तो फरक कळायला बाहेरचं उत्तर हवं: कुणीतरी तो कागद हातात धरून सांगायला हवं की हे दीड एकर आहे.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपल्या क्षेत्रातले निकष बहुतेक करून पहिल्या प्रकारच्या चुका मोजतात: कॉल यशस्वी झाला का, काम पूर्ण झालं का, उत्तर पटण्यासारखं दिसतं का. दुसऱ्या प्रकारच्या चुकीत कॉल यशस्वी असतो, काम पूर्ण झालेलं असतं, आणि उत्तर पटण्यासारखंच दिसतं.

मग वर्णन कसं असावं?

टीका केली की पर्यायही द्यावा लागतो. त्याच टूलचं वर्णन मी असं लिहीन:

‘महाराष्ट्रातल्या एका गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा गाव नमुना ७ व १२ वाचून देतं. नोंदीत बदल करत नाही. गावाचा कोड आवश्यक. फक्त नाव माहीत असेल तर आधी गाव-शोध टूल वापरा. एकाहून जास्त गावं आली तर स्वतः निवडू नका, वापरकर्त्याला तालुका विचारा. क्रमांक मजकूर म्हणून द्या, जसाच्या तसा, उदा. १२/३. तो गट नंबर आहे की सर्व्हे नंबर हे माहीत नसेल तर विचारा. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब वेगवेगळं मिळतं. दोन्ही हेक्टर, आर, चौ.मी. अशा तीन रकान्यांत. भोगवटादार म्हणजे महसूल नोंदीतला धारक. त्याला निर्णायक मालक म्हणू नका. वर्ग २ असेल तर उत्तरात आवर्जून सांगा. पीक विचारताना वर्ष आणि हंगाम द्या. पीक रिकामं असेल तर अर्थ फक्त एवढाच: नोंद नाही.’

आधीच्या वर्णनापेक्षा हे कितीतरी पट लांब आहे. ‘ईझीटूल’वाले म्हणतील, शंभर टूल असतील तर एवढा मजकूर मॉडेलच्या डोक्यावर कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसऱ्या वाचनात मी स्वतःलाच विचारतो: यातली कुठली वाक्यं टूलमध्येच ढकलता येतील?

इथे २०२४ चं प्रिन्स्टनच्या संशोधकांचं ‘एसडब्ल्यूई-एजंट’ उपयोगी पडतं. त्यांनी मॉडेल तेच ठेवून त्याच्या हातातली साधनं बदलली: फाइल एका वेळी शंभर ओळींची दाखवायची, आणि बदल केल्यावर कोड मोडत असेल तर तो बदल स्वीकारायचाच नाही, चूक दाखवून परत पाठवायचा. सॉफ्टवेअरमधले खरे बग सोडवण्याच्या चाचणीत आधीचा सर्वोत्तम आकडा ३.८ टक्के होता, तो १२.४७ टक्क्यांवर गेला. वाढीचं सगळं श्रेय साधनांना देता येणार नाही, कारण आधीची पद्धत मुळातच वेगळी होती. पण साधनाची रचना किती फरक पाडते हे त्यांनी स्वतंत्र तुलना करूनही दाखवलं.

हाच धडा आपल्या टूलला लावू. क्षेत्र तीन वेगळ्या, नाव दिलेल्या रकान्यांत आलं की एककाबद्दलचं वाक्य जवळजवळ नको होतं. कोडशिवाय टूल चाललंच नाही, तर ‘स्वतः निवडू नका’ हे गाव-शोध टूलच्या उत्तरातच सांगता येतं: ‘तीन गावं सापडली, तालुका विचारा.’ रिकाम्या कंसाऐवजी ‘या हंगामाची नोंद नाही’ असं वाक्यच परत आलं, की तो खड्डा बुजला. न सांगितलेली गोष्ट आवाज करू लागली, असं म्हणा हवं तर.

मग वर्णनात काय उरतं? भोगवटादार म्हणजे काय आणि काय नाही, वर्ग २ चं महत्त्व, गट आणि सर्व्हे नंबरमधला फरक. म्हणजे ज्या गोष्टी कोडने अडवता येत नाहीत, ज्यांचा संबंध अर्थाशी आहे, त्या. माझा क्रम असा: जी चूक टूलच अडवू शकतं ती टूलने अडवावी, जी उत्तरात सांगता येते ती उत्तरात सांगावी, आणि राहिलेल्या अर्थासाठी वर्णनातली जागा खर्च करावी. असं केलं की लांबीचा वाद बराचसा मिटतो.

आणि पोटखराब, भोगवटादार, फेरफार हे शब्द वर्णनात मराठीतच ठेवा, वर्णन इंग्रजीत असलं तरी. शेजारी एका वाक्यात अर्थ द्या. भाषांतर करायला गेलात की ‘ओनर’सारखा जवळचा पण चुकीचा शब्द येऊन बसतो, आणि तो मॉडेलला इतका ओळखीचा असतो की ते पुढे शंकाच घेत नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

पीएचडीच्या प्रवेशासाठी विषय शोधणाऱ्या मुला-मुलींना मी नक्की सांगेन की इथे जागा आहे, आणि ती मोठी यंत्रं नसलेल्या माणसासाठीही आहे. हजारो एपीआय गोळा करायची गरज नाही. एक टूल घ्या, एक विषय घ्या: जमिनीच्या नोंदी, बाजार समितीचे भाव, एसटीचं वेळापत्रक, काहीही. त्या नोंदी जे ठेवतात त्यांच्याकडे जा. जमिनीच्या बाबतीत तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांना ‘चांगलं वर्णन कसं असावं’ असं विचारू नका. ‘लोक हा कागद वाचताना नेहमी कुठे चुकतात?’ असं विचारा. त्या उत्तरात तुमच्या वर्णनातला राहून गेलेला मजकूर सापडेल.

मग प्रश्नसंच तयार करा, पण वर्णन न वाचलेल्या माणसांकडून. नाहीतर ‘टूलएलएलएम’मधलीच अडचण येईल. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर कागदावरून, दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे काढून घ्या आणि त्या दोघांचं एकमत किती हेही नोंदवा. एकाच मॉडेलला तीन प्रकारांनी तपासा: जुनं वर्णन, नवं वर्णन, आणि जुनं वर्णन पण सुधारलेलं टूल. निकालाचे रकाने चार ठेवा: बरोबर, एरर, ‘माहीत नाही’ किंवा उलट प्रश्न, आणि आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं उत्तर. चौथा रकाना वेगळा मोजणं हाच या अभ्यासाचा गाभा. एकूण अचूकता तीच राहून चौथ्या रकान्यातली उत्तरं तिसऱ्यात गेली, तरी तो चांगला निकाल आहे, ‘कुठलं आंबवडे?’ असं परत विचारणारा एजंट कुणाचं नुकसान करत नाही.

एक काळजी घ्या. सातबाऱ्यावर खऱ्या माणसांची नावं असतात. कागद ऑनलाइन बघता येतो म्हणून तो संशोधनाचा डेटा होत नाही. नावं बदला, क्रमांक बदला, आणि मार्गदर्शकांना विचारून नैतिक समितीची परवानगी आधी घ्या.

आणि वाङ्मयाचा आढावा लिहाल तेव्हा वरच्या प्रत्येक निबंधाला एक प्रश्न विचारून बघा: यातल्या परीक्षेत, वर्णनात न लिहिलेली गोष्ट चुकली असती तर ती यांना कळली असती का? ज्या निबंधाचं उत्तर ‘नाही’ असेल, त्याच्या समासात तशी नोंद करून ठेवा. तुमच्या प्रस्तावातल्या ‘संशोधनातील उणीव’ या परिच्छेदाला तिथूनच सुरुवात करता येईल.